समुद्राला न विचारता आखलेली सहल: अंदमानचं पॅकेज विकणाऱ्या साहेबांस खुले पत्र

साहेब,



या पत्रात तुमचं नाव नाही. ते लिहून उपयोगही नाही, कारण तुम्ही एकटे नाही. ठाण्यात, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, काचेच्या दारावर नारळाचं झाड आणि निळं पाणी चिकटवलेल्या दुकानांत तुम्ही बसलेले असता. समोर आयुष्यात पहिल्यांदाच बेटावर निघालेलं कुटुंब असतं. आई-वडील, दोन मुलं, सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा. वर्षभर साठवलेले पैसे घेऊन ते आलेले असतात. त्यांच्यापुढे तुम्ही एक गुळगुळीत कागद सरकवता: ‘अंदमान-निकोबार, 4 रात्री 5 दिवस’. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. ते सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण तो कागद आज कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवणाच्या टेबलावर पडलेला आहे आणि उद्या त्यावर आगाऊ रक्कम भरली जाणार आहे.

सुरुवात मथळ्यापासून करू. तुमच्या सहलीत निकोबार कुठे आहे? अंदमानच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची दहा अंशांची खाडी आहे आणि तिच्यापलीकडे निकोबार. तिथे निकोबारी आणि शोंपेन लोक राहतात. बाहेरच्या भारतीयालाही तिथल्या बहुतेक भागात जायला खास परवाना लागतो आणि तो सहसा सहलीसाठी मिळत नाही. तुमची बस, तुमची बोट, तुमचा गाइड यांतलं काहीही निकोबारला पोहोचत नाही. या केंद्रशासित प्रदेशात आठशेहून अधिक बेटं आहेत, वस्ती जेमतेम तीसेक बेटांवर. तुम्ही त्यातली चार-पाच दाखवता आणि नाव पूर्ण प्रदेशाचं छापता. ग्राहकाला पहिला चकवा तुम्ही मथळ्यातच देता.

आता दिवस मोजू. मुंबईहून निघालेलं कुटुंब बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरला विमान बदलतं. मध्यरात्री घर सोडतं आणि सकाळी श्री विजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, अर्धवट झोपेत उतरतं. हा तुमचा पहिला दिवस. परतीच्या विमानाचा दिवस तुमचा पाचवा. हातात उरतात तीन. त्या तिनांत हॅवलॉक, नील, एलिफंट बीच, रॉस बेट आणि जमलंच तर पहाटे तीनला उठवून बाराटांग. ज्या माणसानं समुद्र पाहायला एवढे पैसे भरले, त्याचा निम्मा वेळ धक्क्यावर सामान तपासण्याच्या रांगेत आणि हॉटेलच्या लॉबीत खोली मिळण्याची वाट पाहण्यात जातो. तुमच्या कागदावर या वेळेला ‘ट्रान्सफर’ म्हणतात आणि त्याचेही पैसे लावतात.

यापेक्षा मोठी चूक महिन्याची. आपल्याकडे दरवर्षी मे महिन्यात एक बातमी सगळी वर्तमानपत्रं छापतात: मान्सून अंदमानात दाखल. ती वाचून विदर्भातला शेतकरी बियाण्याचा हिशेब मांडतो, कोकणातला माणूस कौलं चाळून घेतो. तुम्ही त्याच आठवड्यातल्या खोल्या ‘समर स्पेशल’ म्हणून विकता. या बेटांवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा, पुढे ईशान्येचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या, उन्हाळ्याची उत्तरार्धात आणि दिवाळीची बहुतेक सगळी, खवळलेल्या समुद्राशी गाठ घालतात. मेच्या पहिल्या आठवड्यात जमून जातं, दिवाळीतही कधी कधी छान ऊन मिळतं. पण ‘जमून जातं’ आणि ‘हमखास’ यांत किती अंतर आहे, हे ग्राहकाला सांगण्यासाठीच तर तुम्ही खुर्चीवर बसला आहात. जानेवारी ते एप्रिल हा शांत समुद्राचा काळ आहे. हे तुम्हाला माहीत आहे, कारण त्या महिन्यांचे दर तुम्ही बरोबर चढे लावता.

समुद्र खवळला की काय होतं, हेही तुम्हाला माहीत आहे. बोटी बंद होतात. डिसेंबर 2016 मध्ये ‘वरदा’ चक्रीवादळाआधीच्या खराब हवामानात हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं पाठवावी लागली. एवढं होऊनही तुमच्या कागदावर शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोट आणि दुपारी श्री विजयपुरमहून विमान असतं. बोट रद्द झाली तर विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले आणि तुमचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. बेटांच्या सहलीचा साधा नियम आहे: विमानाच्या आदल्या रात्री विमानतळ असलेल्या मोठ्या बेटावर राहायचं आणि एक दिवस समुद्रासाठी राखून ठेवायचा. हा राखीव दिवस तुम्ही कधीच ठेवत नाही, कारण त्या दिवशी दाखवायला ‘पॉइंट’ नसतो.

पुढे सूर्य. तुमच्या कागदावर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यापुढे लिहिलेलं असतं, ‘सायं. 6: सनसेट’. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. तुमच्या वेळेवर पोहोचणारं कुटुंब काळोखात वाळू तुडवून परत फिरतं. 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकानं आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हणून गौरवलेली जागा तुम्ही त्यांना अंधारात दाखवता. तिथे पहाट साडेपाचच्या आसपास होते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ज्याला हे आधी कळतं, तो दिवसाची आखणी पहाटेपासून करतो आणि दुपारी चारला राधानगरच्या वाळूवर बसलेला असतो. एवढं एक वाक्य सांगायला तुमचं काहीही खर्च होत नव्हतं.

आणि चंद्र. नील बेटावर लक्ष्मणपूरला लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे. बेटावर वसलेल्या बंगाली कुटुंबांनी तिला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली. तिच्यापर्यंत ओहोटीतच जाता येतं. ओहोटीच्या वेळी वाटेतल्या खडकांच्या खळग्यांत प्रवाळ, छोटे मासे, समुद्रकाकड्या दिसतात. भरतीत तिथे फक्त पाणी असतं. आपल्या कोकणातला कोणताही खारवी तिथी पाहून भरती-ओहोटीची वेळ सांगेल. तुम्ही मात्र पौर्णिमा असो वा अष्टमी, सगळ्या गटांना तिथे सकाळी साडेअकराला उतरवता. नील हे भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशा नावांच्या गावांचं, भाजीपाला पिकवणारं, सायकलवरून निवांत पाहण्याजोगं बेट आहे. तुमच्या लेखी ते तीन तासांचा थांबा आहे.

आता ज्या जागेसाठी मराठी माणूस अंदमानला जातो, तिच्याबद्दल. तुमच्या कागदावर ‘सेल्युलर जेल (1 तास)’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याच ओळीत पुढे कॉर्बिन्स कोव्ह बीच आणि खरेदी.

एक तास! तुरुंगाचं बांधकाम 1896 मध्ये सुरू झालं आणि 1906 मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तीन मजली इमारती आणि सुमारे सातशे एकांत कोठड्या. एका इमारतीची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. सातांपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. बाबाराव सावरकर इथे आधीच होते. 4 जुलै 1911 रोजी विनायकरावांना आणलं गेलं, आणि एकाच भिंतीआड असून दोघा भावांची भेट बराच काळ झाली नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्यानं दिवसाला तीस पौंड तेल काढायचं, नाही निघालं तर शिक्षा. इंदुभूषण रॉय यांनी 1912 मध्ये इथेच गळफास घेतला. 1933 च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोईत्र आणि मोहनकिशोर नामदास हे तिघे गेले. आणि या तुरुंगाच्याही कितीतरी आधी, मार्च 1858 मध्ये, सत्तावन्नच्या उठावातले दोनशे कैदी या बेटांवर उतरवले गेले होते. त्यांच्या हाडांवर श्री विजयपुरम उभं आहे.

हे सगळं एका तासात? नाशिककडचे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. मुलांना इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली आणि सावरकरांची कोठडी एकदा पाहायची, एवढ्यासाठी त्यांनी सहलीचे पैसे भरले. कोठडी वरच्या मजल्यावर, गुडघे जिना चढू देईनात. ते हळूहळू चढले, दाराशी पोहोचले, आणि खालून गटाच्या म्होरक्यानं शिट्टी मारली. बीचला उशीर होत होता. त्यांना पाच मिनिटंही शांत उभं राहता आलं नाही. साहेब, त्या बीचवर त्या शिक्षकांचं काय काम होतं? त्यांनी तुम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला अख्खी सकाळ इथेच द्या. तुम्ही विचारलंच नाही. तुरुंग कोणत्या दिवशी बंद असतो हेही न पाहता तुम्ही गट आखता आणि काही गटांना बंद दरवाजासमोर फोटो काढायला लावून परत आणता. राष्ट्रीय स्मारकाच्या दारात उभं करून ग्राहकाला सांगता, ‘संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो तर आहेच की.’

पाण्याखालचं तुमचं वागणं याहून धोक्याचं. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक सोबत असताना स्कूबा करता येतं, हे खरं. पण त्याआधी एक आरोग्याचा फॉर्म असतो. दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. तुमचा माणूस तो फॉर्म पुढे करताना हळूच सांगतो, ‘सगळीकडे नाही लिहा, नाहीतर सोडणार नाहीत.’ आणि स्कूबा तुम्ही ठेवता कधी? सहलीच्या शेवटी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. पाण्याखाली दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून स्कूबानंतर किमान अठरा तास, शक्यतो चोवीस तास विमानात बसू नये, असं जाणकार सांगतात. हे तुमच्या कागदावर कुठे आहे? खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दल कुठे आहे? 2010 मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्याजवळ एका अमेरिकी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हापासून किनाऱ्यांवर धोक्याच्या पाट्या आहेत, जाळ्या आहेत, जीवरक्षक आहेत. तुमचा गाइड मात्र ‘तिकडे गर्दी नसते’ म्हणून मुलांना पाटीपलीकडे नेतो.

प्रवाळाचंही तेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ उचलणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे, मग ते मेलेलं का असेना. विमानतळावर बॅगा तपासतात आणि तिथे पकडली जाते तुमच्या ग्राहकाची शाळकरी मुलगी, तुम्ही नाही. 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. त्यातून जे वाचलं, त्यावर पाय ठेवून उभं राहायला तुमचे लोक सांगतात, कारण फोटो छान येतो. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीनं पर्यटकांसाठी उघडतात, म्हणजे एकाला काही महिने विश्रांती मिळते. प्लास्टिकची पिशवीसुद्धा तिथे नेऊ देत नाहीत. वन खात्याला जे उमगलं ते तुम्हाला का उमगू नये? ज्या प्रवाळावर तुमचा धंदा चालतो, तेच तुम्ही तुडवून संपवता आहात.

इथवर जे लिहिलं ते वेळेचं, पैशाचं, जिवाचं. आता जे लिहितो आहे ते माणुसकीचं.

तुमच्या कागदावर कधीही न छापलेली एक ओळ आहे. ती तुम्ही आवाज खाली आणून सांगता: ‘बाराटांगच्या रस्त्यावर नशीब असेल तर जारवा दिसतील.’

साहेब, जारवा म्हणजे माणसं आहेत. जेमतेम काहीशे उरलेली. हजारो वर्षं त्यांनी आपलं जंगल राखलं, 1990 च्या दशकाच्या अखेरपर्यंत बाहेरच्यांना सहसा जवळ येऊ दिलं नाही. त्यांनी ओळख वाढवली आणि लगेच 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. ज्या आजाराची लस आपल्या मुलांना सहज मिळते, तो त्यांच्यासाठी जमात पुसून टाकणारा ठरू शकतो. हे कसं घडतं, हे पाहायचं असेल तर शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांकडे पाहा. इंग्रज आले तेव्हा ते हजारोंनी होते. आज पन्नासाच्या आसपास आहेत. 2010 मध्ये त्यांच्यातल्या बोआ सीनियर या वृद्धा गेल्या आणि त्यांच्याबरोबर बो ही भाषा संपली. ती बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये त्या टप्प्यात तो बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता आजही चालू आहे. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांचा ताफा जमतो आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या पहाऱ्यात निघतो. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही. मोडलंत तर तुरुंगवासाची तरतूद आहे. 2012 च्या सुरुवातीला जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावल्याचं चित्रीकरण जगभर पोहोचलं आणि देशाची मान खाली गेली. जानेवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर बंदीही घातली होती. हा सगळा इतिहास तुमच्या धंद्याच्या पोटातला आहे. तरीही तुमच्या दुकानात आठ वर्षांच्या मुलाला ‘जंगलातले लोक बघायचेत ना?’ असं विचारलं जातं. त्या मुलाला तुम्ही बेट दाखवत नाही. माणूस पिंजऱ्यात ठेवल्यासारखा कसा पाहायचा, ते शिकवता.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि कांदळवनातली होडी सुंदर आहेत, हे मला माहीत आहे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं ती सहल सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बदल्यात तो दिवस राधानगरला, नीलला किंवा जेलला द्यावा. काही पाहायचं राहून गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. ‘लोकांनाच पाच दिवसांत सगळं हवं असतं. जास्त दिवस सांगितले तर बाजूच्या दुकानात जातात.’ मग पाच दिवसांत कमी दाखवा. श्री विजयपुरम आणि एकच बेट. जेलला पूर्ण सकाळ, रॉस बेटाला एक दुपार, हॅवलॉकला किंवा नीलला दोन रात्री, शेवटची रात्र पुन्हा मोठ्या बेटावर. सात-आठ रात्री असतील तर दोन्ही बेटं आणि समुद्रासाठी राखलेला एक दिवस. सूर्यास्ताची खरी वेळ छापा, ओहोटीची वेळ छापा, बोट बंद पडली तर पैशांचं काय होईल ते मोठ्या अक्षरांत छापा. मेच्या उत्तरार्धात येणाऱ्याला सांगा, जानेवारीत या. एक गिऱ्हाईक जाईल, पण जो जानेवारीत जाऊन येईल तो दहा जणांना तुमच्याकडे पाठवेल. एवढा व्यवहार तुम्हाला नक्की कळतो.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, पहिल्यांदा बेटावर निघालेल्या कुटुंबाला माझी विनंती. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. त्या महिन्यात समुद्र कसा असतो? बोट रद्द झाली तर पैसे आणि राहण्याची सोय कुणाची? जेलला किती वेळ? स्कूबा आणि विमान यांत किती तास? राधानगरला किती वाजता पोहोचवणार? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. सोबत रोख पैसे ठेवा, कारण छोट्या बेटांवर नेटवर्क आणि एटीएम दोन्ही दगा देतात. बोटीत मळमळणाऱ्यानं निघण्याआधी गोळी घ्यावी. वाळूतून शंख, प्रवाळ काही आणू नका.

आणि जो कुणी आवाज खाली आणून म्हणेल, ‘जारवा दिसतील,’ त्याच्यासमोरून त्याच क्षणी उठा. त्या माणसाकडून कुठल्याही बेटाची सहल विकत घेऊ नका.

कळावे,

अंदमानवर जीव असलेला एक मराठी प्रवासी